शेवटाआधीची गाडी

चुरी सरांनी जितकी नाटकं पाहिली तितकी आमच्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत मिळून दुसऱ्या कोणी पाहिली नसतील. आणि एखाद-दुसरं सोडलं तर त्यांतल्या एकाही नाटकाचा शेवट सरांनी पाहिलेला नव्हता. हे मी चेष्टेनं सांगत नाही. चेष्टा वाटावी इतकं ते खरं होतं, आणि त्या एका गोष्टीपायी मी त्या माणसाशी नोकरीतली सगळी वर्षं भांडत आले.

सर जाऊन आता वर्ष होत आलं. शाळेत त्यांच्या फोटोला हार घालताना मुख्याध्यापक म्हणाले, "एक थोर नाट्यरसिक आपल्यातून गेला." माझ्या शेजारी आमचे शिपाई धोडीमामा हात जोडून उभे होते. ते हळूच म्हणाले, "बाई, पाऊण नाटकाचा." मला हसू आलं, रडू आलं आणि त्या दोन्हींपेक्षा जास्त राग आला. तो राग अजून गेलेला नाही. म्हणून तर लिहायला बसले.

तलासरीच्या शाळेत मी गणित शिकवते, सर मराठी शिकवायचे. ते राहायला कैनाडला, मी डहाणूत. आधी आम्ही एकाच एस.टी.ने जायचो आणि मी गाडी घेतल्यावर सर माझ्या गाडीतून येऊ लागले. म्हणजे वर्गातली पोरं सोडली तर सरांचं बोलणं सगळ्यांत जास्त मी ऐकलं आहे. बोलणं ऐकण्यासारखंच असायचं, ते नाकारत नाही. पण गाडीत बसल्या बसल्या काच खाली करायची, वारा आला की "वारा फार आहे" म्हणायचं, काच वर केली की "कोंडल्यासारखं होतं" म्हणायचं, आणि मी रस्त्यातला खड्डा चुकवत असताना नेमकं "बाई, हे ऐका" म्हणून माझ्या खांद्याला हात लावायचा, हेही त्याच्या जोडीनं असायचं.

शनिवारी सकाळची शाळा. ती सुटली की सर प्रयोगशाळेत जाऊन शर्ट बदलून यायचे. क्रीम रंगाचा, पूर्ण बाह्यांचा, कडक इस्त्रीचा एकच ठरलेला शर्ट. केसांना पाणी लावलेलं. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत वाडीतले चिकू, आज कडक पण सोमवारपर्यंत बरोबर पिकतील असे निवडून आणलेले. ते चिकू बोरिवलीच्या नाट्यगृहातल्या परब नावाच्या डोअरकीपरसाठी असायचे. त्या बदल्यात परबांनी एकच काम करायचं. शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर सर बसलेले असत. डहाणू रोडला थांबणारी सरांची रात्रीची ठरलेली गाडी पकडायची वेळ झाली की परबांनी टॉर्च खाली धरून यायचं आणि सरांच्या खांद्याला हात लावून म्हणायचं, "सर, गाडी." की सर उठले. मग स्टेजवर कोणी मरायला टेकलेलं असो, कोणाचं गुपित फुटायला आलेलं असो, सर निघाले.

मी गणिताची. उत्तर आल्याशिवाय उदाहरण सुटलं असं मी मानत नाही. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन थांबवलीच.

"सर, मग रविवारी दुपारचा प्रयोग बघा की. तीच माणसं, तेच नाटक. संध्याकाळी आरामात परत."

"दुपारी?" सरांनी तोंड वाकडं केलं. "दुपारी माणसानं जेवून पडावं. चार वाजता कोणी कोणाला फसवतं का? नाटक रात्रीच बघायचं असतं, बाई."

"मग तुमचा भाचा राहतो ना बोरिवलीला? त्याच्याकडे मुक्काम करा."

"त्याची बायको चहात साखर घालत नाही."

माझा नवरा रेल्वेत आहे. त्याला मी कामाला लावलं. त्यानं वेळापत्रक बघून सांगितलं, शनिवारी आणखी उशिराची एक गाडी आहे, ती डहाणूला थांबते, नाटक पूर्ण बघूनही सहज मिळेल. मी विजयी मुद्रेनं सोमवारी हे सरांना सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ती गाडी होय? तिचा भरवसा नाही." रेल्वेतल्या माणसानं सांगितलेल्या गाडीचा भरवसा नाही, आणि परबांच्या टॉर्चचा आहे! त्या दिवशी घरी मी नवऱ्याला उगाचच बोलले.

सोमवारची मधली सुट्टी म्हणजे सरांचा प्रयोग. डबा उघडायचा, पण घास नाही घ्यायचा. आधी पडदा वर. बाप, मुलगा, सून, शेजारीण, सगळे आवाज सर स्वतः काढायचे. शेजारणीचा आवाज काढताना खांद्यावर नसलेला पदर सारखा करायचे. धोडीमामा चहाची किटली घेऊन दारातच उभे राहायचे, आणि चहा थंड झाला म्हणून मी ओरडले तरी हलायचे नाहीत.

"मंग त्या दोघा भावांचं काय झालं, सर?"

"सांगतो ना मामा. थोरला बॅग भरून निघाला. उंबरठ्यात थांबला. धाकटा म्हणाला, 'दादा, विहिरीचं पाणी पिऊन तरी जा.' थोरल्यानं बॅग खाली ठेवली. पडदा."

धोडीमामांचे डोळे भरले. माझेही थोडे भरले, खोटं का सांगू. पुढच्या महिन्यात बहिणीकडे मालाडला गेले होते, तेव्हा तेच नाटक मी दुपारी पाहिलं. शेवटपर्यंत. थोरला बॅग घेऊन जातो. धाकटा पाठमोरा उभा राहतो. पाण्याचं कोणी नावही काढत नाही. त्या अख्ख्या नाटकात विहीरच नाही!

दुसऱ्या दिवशी सर गाडीत बसायच्या आत मी विचारलं, "सर, विहीर कुठून आणलीत?"

"कुठली विहीर?"

"भावांची. मी नाटक पाहून आले. थोरला जातो. परत येत नाही."

मला वाटलं, आता तरी सर ओशाळतील. ते खिडकीची काच खाली करत म्हणाले, "असं होय? तो त्यांचा शेवट असेल."

"म्हणजे? शेवट एकच असतो, सर!"

"बाई, बोरिवलीला गाडीत चढलो की मला दीड-दोन तास असतात. वैतरणेपर्यंत नुसता बसतो. केळवे रोडला एकेकाला मारून बघतो. बोईसरला सगळ्यांना परत जिवंत करतो. वाणगाव आलं की ठरवतो. डहाणूला उतरेपर्यंत माझा शेवट पक्का झालेला असतो."

"पण तो खोटा असतो ना!"

"खोटा कसा? मला खरा ठाऊक असता तर खोटा म्हणता आला असता."

वर्गात एखाद्या पोरानं असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. सरांना काय करणार? मी फर्स्ट गिअर टाकला आणि तलासरीपर्यंत एक अक्षर बोलले नाही. सरांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण ते स्वतः बोलत होते.

सरांच्या बायकोला आम्ही सगळे काकू म्हणायचो. कैनाडला वाडीच्या तोंडाशीच त्यांचं घर, पुढे ओटी आणि ओटीवर झोपाळा. मी सरांना सोडायला गेले की काकू चहा घेतल्याशिवाय सोडायच्या नाहीत. नाटकाला त्या कधीच जात नसत. एकदा मी विचारलं, तर पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"लग्नाच्या पहिल्या वर्षी नेलं होतं यांनी. ते काय झालं, शेवटी ती नाटकातली बाई मेली. मी घरी आले आणि दोन दिवस चूल नाय पेटवली. यांना सारखं विचारत होते, तिच्या आईला कळवलं का कोणी? हे बिचारे दोन दिवस केळी खाऊन शाळेत गेले. तेव्हापासून नको म्हटलं मला. मी इथंच ऐकते. हे येतात, मी भात गरम करते, हे सगळं नाटक करून दाखवतात. आता एकदम छान छान नाटकं निघतात, नाय? पहिल्यासारखी रडकी नाय राहिली."

मी सरांकडे पाहिलं. सर चिकूच्या झाडाकडे पाहत होते. मला तेव्हा एवढंच वाटलं, की हा माणूस आम्हाला फसवतो तो फसवतो, घरच्या भाबड्या माणसालाही सोडत नाही.

मग डहाणूतच नाटक आलं. गावातल्या एका मंडळानं मुंबईची नाटक कंपनी आणायचं ठरवलं. समुद्राकडच्या मैदानावर, सुरूच्या झाडांच्या आडोशाला मांडव घालायचा. मंडळाच्या लोकांनी नाटकातलं कळणारा माणूस म्हणून सगळी सूत्रं सरांच्या हातात दिली. बातमी ऐकून मला इतका आनंद झाला, की मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. गाडी पकडायची नाही, परब नाहीत, टॉर्च नाही. घर स्कूटरवर जाण्याइतकं जवळ. आता कुठं पळून जातील? सर एकदा तरी नाटकाचा शेवट बघणार होते आणि मी शेजारच्या खुर्चीवर बसून ते बघणार होते.

नाटक एका म्हाताऱ्याचं होतं. त्याची मुलगी घर सोडून गेलेली, बऱ्याच वर्षांनी परत येते, दार वाजवते. म्हातारा दार उघडतो की नाही, एवढंच नाटक.

सरांनी एक गोष्ट मात्र ठणकावून सांगितली होती, आणि ती ऐकून मी त्यांचं मनापासून कौतुक केलं होतं. सत्कार करायचे नाहीत. आमच्याकडे शाल आणि नारळ घेतल्याशिवाय पडदा वर जात नाही. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, पाहुण्यांच्या ओळखीबद्दल आभार, आणि मग उरलेल्या वेळात नाटक. सरांनी निमंत्रणपत्रिकेवर ठळक अक्षरांत छापून घेतलं: 'कोणाचेही सत्कार होणार नाहीत.' दहा वाजता स्पीकर बंद करावा लागतो, त्यामुळे वेळेवर सुरू, वेळेवर समाप्त.

मांडव भरला. पार झाई गावापासून माणसं आली होती. कलाकार रंग लावून तयार. आणि सर माइकपाशी गेले.

"दोनच मिनिटं," ते म्हणाले. "सत्कार का नाहीत, एवढं सांगतो."

ते त्यांनी दोन मिनिटांत सांगितलंही. पण पहिल्या रांगेत बसलेली माणसं त्यांना दिसली. कोणी राग धरू नये म्हणून त्यांनी एकेकाचं नाव घ्यायला सुरुवात केली. "आपले रमणिकशेठ आज इथं आहेत. चिकूच्या धंद्यात त्यांनी तालुक्याचं नाव कुठल्या कुठं नेलं. शाळेला पंखे दिले. त्यांचाही सत्कार आपण करणार नाही आहोत." टाळ्या. "वाढवणहून मच्छीमारांचे अध्यक्ष आलेत. भर समुद्रात बुडणारी होडी त्यांनी दोर टाकून ओढून आणलेली आहे. त्यांचाही सत्कार आपण करणार नाही आहोत." टाळ्या. मग सरपंच. मग डॉक्टर. मग बागायतदार. कोणाचा सत्कार करायचा नाही, हे प्रत्येकाच्या कर्तृत्वासह सांगत सर पहिली रांग संपवून दुसऱ्या रांगेत शिरले.

मी खुर्चीतून हातवारे करत होते. सरांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "गणिताच्या राऊतबाई बसल्यात. दहावीचा निकाल कधी खाली येऊ दिला नाही. त्यांचाही..."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. त्यात रमणिकशेठ उठले. "सरची वात एकदम साची," ते आपल्या गुजराती मराठीत म्हणाले आणि स्टेजवर चढले. "आपल्याला सत्कार नको. फक्त दोन शब्द बोलतो." ते चढल्यावर अध्यक्ष कसे बसून राहतील? त्यांनीही सत्कार न केल्याबद्दल आभार मानले आणि वाढवणला होऊ घातलेल्या बंदराचा विषय काढला. बंदराचा विषय आमच्या किनाऱ्यावर दोन शब्दांत आजवर कोणाचा संपलेला नाही. जे सत्कार झाले नाहीत, त्यांची उत्तराची भाषणं मग ओळीनं झाली. नुसते नारळ दिले असते तर यापेक्षा लवकर आटोपलं असतं.

नाटक सुरू झालं तेव्हा म्हाताऱ्याचं काम करणारा नट इतका वैतागला होता, की पहिल्याच प्रवेशात तो मुलीवर जरा जास्तच चिडला. मध्यंतरात झाईची माणसं शेवटची एस.टी. जाईल म्हणून उठून गेली. दुसऱ्या अंकात विंगेत एक हवालदार येऊन उभा राहिला. बिचारा हात जोडून उभा होता. नट धावत धावत वाक्यं म्हणू लागले. शेवटी ती मुलगी आली, तिनं दार वाजवलं, म्हाताऱ्यानं मान वर केली आणि माइक बंद झाला. पडदा पडला.

लोक उठेनात. "सर, पुढं काय?" कोणीतरी ओरडलं. "दार उघडतो का?"

आणि काय सांगू! सर खुर्चीवर उभे राहिले. बिनमाइकचे, खणखणीत आवाजात. "म्हातारा काठी शोधतो. काठी सापडत नाही. भिंत धरत धरत दारापाशी जातो. कडी काढतो. मुलगी मान खाली घालून उभी आहे. म्हातारा तिच्याकडे बघतो आणि म्हणतो, 'जेवलीस का?' पडदा."

टाळ्यांनी मांडव दणाणला. नाटकाला पडल्या नव्हत्या तितक्या टाळ्या. मुलीचं काम करणारी नटी रंगलेल्या चेहऱ्यानं विंगेतून बाहेर आली होती. तिनं मला विचारलं, "हे कोण? आमच्या नाटकात असं काही नाहीये."

मांडव रिकामा झाल्यावर मी सरांना गाठलं. "तुम्ही मुद्दाम केलंत!"

"मी? बाई, मला वाटलं दोनच मिनिटं लागतील," सर म्हणाले. चेहरा असा, की जणू मीच त्यांच्यावर अन्याय करतेय. पुढचे चार दिवस मी त्यांना गाडीत घेतलं नाही. पाचव्या दिवशी ते एस.टी. स्टँडवर पिशवी घेऊन उभे दिसले आणि मीच काच खाली केली.

सर निवृत्त झाले. पुढे त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. स्टेशनचा पूल चढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आणि त्यांची नाटकं बंद पडली. मी भेटायला जायची तेव्हा सर झोपाळ्यावर बसलेले असायचे, पण तो हलत नसायचा. काकू मला आत बोलावून म्हणायच्या, "हे बोलत नाय हो हल्ली. नाटक नाय, तर घरात आवाजच नाय."

मग पेपरात जाहिरात आली. तेच म्हाताऱ्याचं नाटक, बोरिवलीला, मोजकेच प्रयोग. मी त्याच दिवशी तिकिटं काढली. दुपारच्या प्रयोगाला सर येणार नाहीत हे माहीत होतं, म्हणून रात्रीची. आणि शेवटच्या रांगेतली नाही, पाचव्या रांगेतली, अगदी मधोमध, म्हणजे पळायला वाट नको. नवरा गाडी चालवायला तयार झाला. त्याला नाटकात झोप येते, तर तो गाडीतच झोपणार होता.

"गाडी खाली उभी असेल," मी सरांना दहादा बजावलं. "कितीही वाजू देत. आज शेवट बघायचा."

सरांनी क्रीम रंगाचा शर्ट घातला होता. तो आता अंगावर मोठा होत होता. हातात चिकूंची पिशवी होतीच. काकू फाटकापर्यंत आल्या. "आल्यावर सांगा हं सगळं," त्या म्हणाल्या. "मी जागी आहे."

परब अजून होते. सरांना बघून त्यांना इतका आनंद झाला, की ते सरांचा हात सोडेचनात. नाटक छान रंगलं. सर पुढे झुकून बसले होते, ओठ नटांबरोबर हलत होते. इतक्या दिवसांनी त्यांना असं बघून मला बरं वाटत होतं. शेवटचा अंक सुरू झाला. आणि पाचव्या रांगेत, माणसांचे पाय तुडवत, टॉर्च खाली धरून परब आले. सवयीनं. त्या भल्या माणसाच्या ते अंगातच भिनलेलं होतं.

"सर, गाडी."

सर उठले.

मी त्यांचा शर्ट मागून धरला. "बसा! गाडी खाली आहे!"

मागून कोणीतरी 'श्शू' केलं. सर अर्धवट उभे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला तेव्हा कळली नाही. मला वाटलं, सवयीनं गोंधळलेत. मी शर्ट सोडला नाही. सर हळूच खाली बसले.

मुलीनं दार वाजवलं. म्हाताऱ्यानं मान वर केली. पुन्हा दार वाजलं. म्हाताऱ्यानं खुर्ची फिरवली आणि दाराकडे पाठ करून बसला. मुलगी थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. दिवा मंद होत गेला. पडदा.

टाळ्या संपल्या, माणसं उठली, तरी सर बसूनच.

"संपलं?" त्यांनी विचारलं.

"संपलं की. पाहिलात ना शेवट? एकदाचा पाहिलात!"

"एवढंच?"

"म्हणजे काय, सर? मस्त शेवट आहे. खरा आहे."

"खरा आहे, हो," सर म्हणाले. "खरा आहे."

परतीच्या वाटेवर ते गप्प होते. काच खाली नाही, वर नाही. मनोर गेलं, चारोटी आलं. सगळी वर्षं ज्या बोलण्याला मी कंटाळले, ते ऐकायला आता मीच मागे वळून वळून बघत होते. एकदाच ते म्हणाले, "आता घरी गेल्यावर कसं करायचं?"

"जेवायचं, गोळ्या घ्यायच्या आणि झोपायचं," मी म्हटलं.

कैनाडला ओटीवर दिवा होता. काकू झोपाळ्यावर बसून पेंगत होत्या, आमची चाहूल लागताच ताडकन उठल्या. भात गरम होता. नवरा गाडीतच थांबला, मी पाणी प्यायला म्हणून आत गेले. काकूंनी ताट मांडलं आणि समोर बसल्या. "हं. सांगा."

सर सांगू लागले. मग म्हाताऱ्याचा आवाज आला, मुलीचा आला, शेजाऱ्याचा आला. काकूंचा चेहरा उजळत गेला. कितीतरी दिवसांनी त्या घरात एवढी माणसं बोलत होती. मी हातात तांब्या धरून ऐकत राहिले. सर दारापर्यंत आले. मुलीनं दार वाजवलं. सर थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नाट्यगृहात पाहिलं होतं तसंच. काकू पदराचं टोक मुठीत धरून वाट बघत होत्या.

"मग?" त्या म्हणाल्या. "उघडलं ना दार?"

"म्हातारा काठी शोधायला लागला," सर म्हणाले. "काठी सापडेना. भिंत धरत धरत गेला. कडी काढली. म्हणाला, 'जेवलीस का?'"

"बाई गं," काकूंनी डोळे पुसले. "बरं झालं. बरं झालं हो." आणि सरांच्या ताटात आणखी भात वाढला.

मी कपाळाला हात लावला. तिकिटं, पेट्रोल, नवऱ्याची झोप, पाचवी रांग, एवढं सगळं करून या माणसानं परत तेच केलं! मी तावातावानं बाहेर आले. सर माझ्या मागोमाग टॉर्च घेऊन आले. फाटकाबाहेर वाट अरुंद आहे, गाडी मागे घेताना ते नेहमी टॉर्च दाखवायचे.

"सर, शेवट स्वतःच्या डोळ्यांनी बघितलात ना? मग?"

सरांनी टॉर्च खाली धरला होता. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

"तेच तर ना, बाई," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी हिला शेवट सांगतोय, पण एकदाही खोटं बोललो नव्हतो. मला ठाऊकच नसायचा. आज बोललो."

मी गाडीत बसले. दुपारचा प्रयोग, बिनसाखरेचा चहा, भरवशाची नसलेली गाडी, सत्कार न करण्याचं भाषण, हे सगळं एकेक करून माझ्या डोक्यात जागेवर बसत होतं, आणि मला भयंकर राग येत होता. आधी सांगायचं नाही का हो, सर? एका शब्दानं सांगितलं असतं तर मी तो शर्ट सोडला असता.

नवऱ्यानं गाडी मागे घेतली. सर क्रीम रंगाच्या शर्टात, वाटेच्या कडेला उभे राहून टॉर्च हलवत होते. आतून काकूंचा आवाज आला, "अहो, पण ती मुलगी मग राहिली ना तिथंच? परत नाय ना गेली?"

सर वळले. "राहिली गं, राहिली," ते म्हणाले, आणि फाटक लावून आत गेले.